डब्याची ख्यालीखुशाली

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मुकी यंत्रं माझ्याशी बोलतात! मी नुसता घसा खाकरला तरी बंद पडलेली चालू होतात!" मामा भाचीला म्हणाले, तेव्हा त्यांनी बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या नव्हत्या.

भाची फोटोग्राफर. एका लग्नाचे सगळे फोटो कपाटामागच्या काळ्या डब्यात, म्हणजे फोटो साठवायच्या छोट्या कॉम्प्युटरात, आणि डबा सकाळपासून रुसलेला. त्याला ना स्क्रीन, ना कीबोर्ड. पाठीत वायर खुपसायची आणि लॅपटॉपवरून त्याच्याशी लिहून बोलायचं. संध्याकाळी नवरी फोटो न्यायला येणार होती.

मामांनी हात लांबवून वायर खुपसली, लॅपटॉप मांडीवर घेतला. काहीही टाइप करा, एक अक्षर उमटेल तर शपथ! वायरीतून अक्षरं पाठवायचा वेग लॅपटॉपवर बदलून पाहिला, डबा बंद करून चालू केला. डबा ढिम्म.

"काय म्हणतोय?"

"लाजतोय गं. नवखा माणूस दिसला की असंच."

"मामा, जमत नसेल तर दुकानात नेते."

दुकानात! मामांना हे इतकं झोंबलं की त्यांनी वायरीला सणसणीत हिसका दिला. आणि काय आश्चर्य! 'नमस्कार' टाइप केलं, तर स्क्रीनवर 'नमस्कार' झळकलं. 'बरा आहेस ना?' तर 'बरा आहेस ना?'

"बोलला! उलट माझीच चौकशी करतोय, लब्बाड!"

"आणि फोटो?"

मामांनी विचारलं, 'फोटो आहेत का?' डब्यानेही तेच विचारलं. मामा जरा घुटमळले. पण भाचीचा चेहरा असा रडवेला, की पोरीला टांगणीला ठेवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"आहेत म्हणतो! सगळे सुखरूप! वर म्हणतो, नवरी झकास आलीय, नवरदेवाने मात्र प्रत्येक फोटोत डोळे मिटलेत."

भाचीने तिथल्या तिथे नवरीला फोन लावला. "मिळाले फोटो! या तुम्ही!" मग आनंदाच्या भरात ती डब्याची पाठ थोपटायला कपाटामागे वाकली. बराच वेळ वर आलीच नाही.

"काय, तुझ्याशीही बोलतोय वाटतं?" मामांनी ऐटीत विचारलं.

"मामा, वायर डब्यात नाहीच! निसटून खाली पडलीय, आणि तिच्या उघड्या टोकांत माझी हेअरपिन अडकून जायची आणि यायची तार एकमेकींना जुळलीय. तुम्ही लिहिताय तेच फिरून तुमच्याकडे येतंय! मग नवरदेवाने डोळे मिटलेत हे कोण म्हणालं? माझी हेअरपिन?"