चाळीसवर हाय!

सोमवारी सकाळी विज्ञानाची चाचणी होती आणि रविवारी दुपारचे चार वाजले तरी सोनमला अंतर, वेळ आणि चाल यांचं गणित सुटत नव्हतं. मागच्या खेपेला तिला वीसपैकी चार पडले होते. या वेळी दहाच्या खाली आली तर वडिलांना शाळेत बोलावणार होते. त्यामुळं तिच्यापेक्षा जास्त घोर तिच्या वडिलांना, आकारामना लागला होता.

"पुस्तकात बघून चाल कशी कळंल?" ते म्हणाले. "गाडीवर बस. दोन किलोमीटर जाऊ. मी काटा चाळीसवरनं हलू देत न्हाय, तू मोबाईलवर वेळ लाव."

कुरुंदवाड रस्त्यावर किलोमीटरच्या दगडापाशी सोनमनं वेळ लावली. आकाराम काट्यावर डोळा ठेवून निघाले. वाटेत शेजारच्या गणपतरावांनी हात केला, तरी थांबले नाहीत. एरवी हा माणूस कुणी भेटलं की अर्धा तास बोलल्याशिवाय हलत नसे. घरात कुणाचं तरी दुखणं असणार, असं गणपतरावांना वाटलं. त्यांनी स्कूटर पळवत बाजूला आणली.

"आकाराम, थांब की! आक्का बऱ्या हायत न्हवं?"

आक्का म्हणजे आकारामची आई. पण वाऱ्यात त्यांना फक्त 'थांब' तेवढं ऐकू आलं.

"थांबता येत न्हाय! चाळीसवर हाय! खाली आलं तर सगळं संपलं!"

"अरं देवा! आक्कांची नाडी चाळीसवर?" गणपतराव तिथंच थांबले आणि त्यांनी गल्लीत फोन लावला.

"पप्पा, बरोबर तीन मिनिटं!" सोनम ओरडली. बापलेक खुशीत घरी आले, तर दारात चपलांचा खच. अंगणात शेंगा फोडत बसलेल्या आक्कांना चौघींनी उचलून पलंगावर निजवलं होतं. एक तळवे चोळत होती, दुसरीनं तोंडाला शहाळं लावलं होतं.

"अगं, मला काय धाड भरलीया?"

"बोलू नगा आक्का, दम लागंल."

तासाभरात कबनूरहून आक्कांची लेक शेवंताबाई रडतच रिक्षातनं उतरली. ते बघून आकाराम गोठ्यात गेले, ते बाहेरच येईनात. सगळा खुलासा सोनमवर पडला. चहाचा ट्रे हातात घेऊन ती प्रत्येकाला सुरुवातीपासून सांगू लागली.

"अंतर दोन किलोमीटर. वेळ तीन मिनिटं. म्हंजे तासाला चाळीस."

"मग नाडी किती?"

"नाडी न्हाय ओ काकू, चाल!"

पुस्तक उघडायला तिला वेळच मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी तासातच पेपर तपासले. वीसपैकी एकोणीस! सोनम पळतच घरी आली. नृसिंहवाडीहून दोन पाव्हणे नुकतेच टेकले होते. तिनं दप्तर ठेवलं आणि सांगायला तोंड उघडलं, तोच आक्कांनी पलंगावरूनच हात वर केला.

"तू जेव जा." मग शहाळं बाजूला ठेवून त्या पाव्हण्यांकडे वळल्या. "पावणं, जरा जवळ सरका. आधी मला सांगा, चाल म्हंजे काय, तुमास्नी ठावं हाय का?"