मधल्यांनी निवडलेलं सॉफ्टवेअर

कंपनीसाठी ईमेलचं सॉफ्टवेअर निवडायचं काम मधल्यांच्या गळ्यात पडलं. पंपांचे रबरी वॉशर बनवणारी ही छोटी कंपनी दोन सख्ख्या भावांची. वडील गेल्यावर दोघांचं कशावरून तरी बिनसलं आणि बोलणं कायमचं बंद झालं. थोरले डावीकडच्या खोलीत, धाकटे उजवीकडच्या, आणि दोन दारांमधल्या बोळात टेबल टाकून व्यवस्थापक. म्हणून सगळे त्यांना मधले म्हणत.

इकडचे निरोप तिकडे नेणं हेच त्यांचं खरं काम. थोरले म्हणत, "त्या गाढवाला सांगा, अक्कल गहाण पडली असेल तर सोडवून आण." मधले पलीकडे जाऊन सांगत, "थोरले म्हणतात, एकदा फेरविचार व्हावा." धाकटे फणकारत, "म्हाताऱ्याला म्हणावं, घरी बस." थोरल्यांपर्यंत पोचेतो त्याचं 'धाकटे तुमच्या तब्येतीची चौकशी करत होते' असं होई. या थापांवर कंपनी चालत होती आणि दहा-बारा घरांच्या चुली पेटत होत्या. मधल्यांना मात्र त्यापायी पित्त जडलं होतं.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर कंपनीच्या एकुलत्या एका ईमेल पत्त्यावर आली. 'त्यानं वाचली असेल' असं दोन्ही भावांनी धरून चालल्यामुळे ती तशीच पडून राहिली आणि गिऱ्हाईक हातचं गेलं. प्रत्येकाला आपला पत्ता हवा, फायली सगळ्यांना दिसायला हव्यात, आपसात लिहून बोलायची सोय हवी, असं दोघांनीही ठरवलं, अर्थात वेगवेगळं.

मधल्यांनी मन लावून शोध घेतला. थोरल्यांना मोठी अक्षरं हवी होती, धाकट्यांना मोबाइलवर चालणारं हवं होतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्या बाईंना त्यांनी विचारून विचारून भंडावून सोडलं. माहिती चोरीला गेली तर? वीज गेली तर? भाऊ भावाला थेट लिहू लागला तर काय, हा प्रश्न तेवढा त्यांना सुचला नाही.

सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सकाळी थोरल्यांनी पहिलाच संदेश धाडला: हा रबराचा माल कुणी मागवला? डोकं ठिकाणावर आहे का? मधल्यांकडून चूक अशी झाली होती, की सगळी कंपनी एकाच गटात घातली गेली होती. यंत्रांवरची माणसंही हात थांबवून फोन वाचू लागली. धाकट्यांचं उत्तर आलं: इतकी वर्षं नीट बोलायचास, आज काय झालं? थोरल्यांनी लिहिलं: मी तुझ्याशी नीट कधी बोललो?

धाकटे उठले आणि मधल्यांच्या टेबलाजवळून तरातरा थोरल्यांच्या खोलीत शिरले. आतून आधी आरडाओरडा ऐकू आला. मग आवाज खाली आले.

"गेल्या वर्षी तू माफी मागितलीस ना?"

"मी? मला सांगितलं, तू मागितलीस म्हणून."

मधल्यांनी खणातली पित्ताची गोळी काढून तोंडात टाकली.

त्यांना आत बोलावलं, तेव्हा दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते. थोरल्यांचे डोळे लाल होते.

"तुम्ही इतकी वर्षं आमच्याशी खोटं बोललात," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

मधल्यांनी सवयीनं धाकट्यांकडे पाहिलं.

"माझंही तेच म्हणणं आहे," धाकटे म्हणाले.

आता कुठं न्यायला निरोपच उरला नव्हता. मधल्यांनी टेबल आवरलं आणि भर दुपारी घर गाठलं. बायको भाजी निवडत होती. इतक्या लवकर कसे, असं तिनं विचारलं.

"मालक म्हणाले, खूप राबलात, आता थोडी विश्रांती घ्या."

बायकोनं भाजी बाजूला सारली. "म्हणजे काढून टाकलं. कुणी, थोरल्यांनी की धाकट्यांनी?"

"दोघांनी मिळून."

"मिळून? म्हणजे बोलले एकमेकांशी?"

"मी निघालो तेव्हा एकाच डब्यातून जेवत होते."

उद्यापासून घर कसं चालायचं, हा विषय नवरा-बायकोपैकी कुणीच काढला नाही.

"बरं झालं," ती शेवटी म्हणाली आणि पालथ्या हातानं डोळे पुसून पुन्हा भाजी निवडू लागली.

तिच्या मनात खरंच तेच होतं का, हे विचारायचं धाडस मधल्यांना झालं नाही.