राजा-राणी एका नाण्यावर उभी राहिली, त्याची हकीकत

ज्याने मुखे घडविली आणि ती फिरविण्याची बुद्धीही दिली, त्या कर्त्यास नमन करून लिहितो ऐसे की, शके अकराशे अठ्ठेचाळीस, व्ययनाम संवत्सरी, पश्चिमेस बर्फाचा डोंगर आणि खारा दर्या यांचे मध्ये आर्मनी लोकांचे एक राज्य होते. राज्य वारसाने गोहार राणीचे. परंतु प्रधान सारगीस याने आपला पुत्र वाहान याचे तिजशी लग्न लावून त्यास गादीवर बसविले. लग्न लागताच राणीसाहेब दर्यातील किल्ल्यात जाऊन बसल्या आणि दरवाजा लाविला. मग प्रधानाने एकट्या राजाचे नाणे पाडिले, तो राणीचे सरदार म्हणू लागले, "राज्य बाईंचे आणि तोंड बुवांचे, हे नाणे आम्ही घेत नाही," आणि तरवारींस धार लावू लागले. प्रधान घाबरला, आणि टांकसाळीत ठसे कोरणारा मानूक म्हणोन होता, त्यास आज्ञा केली की, दोघांस एके नाण्यावर शेजारी उभे करावे, म्हणजे एकोपा दिसेल.

मानूक पोटाने वाटोळा आणि स्वभावाने भित्रा. नावेत बसोन किल्ल्यास गेला. राणीसाहेबांनी खिडकीतून पुसिले, "ते नाण्यावर काय करितात?" "उभे आहेत, बाईसाहेब." "माझ्याहून उंच?" "मुकुटापुरते." "मुकुट कापा." मग दरबारी आला, तो राजेसाहेब म्हणाले, "मुकुट कापिला तर मी राजा कशावरून? बाईंस जरा खाली उभे करा." मग पुन्हा नाव आणि पुन्हा खिडकी. तेथून हुकूम आला की हातास हात लागता कामा नये. येथून आला की हात लागला नाही तर एकोपा कसला. मानूकाने दोघांमध्ये क्रूस काढिला, तर तो वरून कोणी धरावा यावर तंटा होऊन ठसा नासला, आणि मानूकास नाव लागून ओकाऱ्या होऊ लागल्या. अखेर तो जिवावर उदार होऊन खिडकीखाली ओरडला, "मज ऐकीव राजाराणी कोरता येत नाहीत! दोघे समोर उभे राहा, दिसेल ते कोरीन, मग खुशाल माझे डोके उडवा!" आणि मटकन खाली बसला. राणीसाहेबांस हसू आले. म्हणाल्या, "येते. परंतु बोलणार नाही."

मग प्रधानास घेऊन खासे दोघे टांकसाळीत आले आणि अवजड लोखंडी क्रूस मध्ये धरोन उभे राहिले. मानूकाचे हात भयाने कापत, म्हणोन काम लांबले. जो सोडील तो हरला, ऐसे दोघांचेही मनी. राणीसाहेबांचा हात घसरू लागला, तो क्रूस एकाएकी हलका जाहला. पाहतात तो राजेसाहेबांनी सारा भार आपणाकडे घेतला आणि मुख लाल जाहले. राणीसाहेब न बोलण्याचे विसरल्या. "हात कापतो आपला." "नाही." "कापतो. असा भार घेणारे आपण, मज न पुसता लग्नास कैसे उभे राहिलात?" राजेसाहेब चकित जाहले. "न पुसता? बाबांनी सांगितले, बाईंनीच मागणी घातली. पुढे दार लाविलेत, तेव्हा वाटले, मज पाहोन मन फिरले." "मज सांगितले, मी नाही म्हटले तर आपण किल्ला जाळाल!" "मज चूल पेटविता येत नाही," राजेसाहेब बोलिले. मग दोघांनी मिळोन प्रधानाकडे पाहिले. प्रधान "राज्याचे हितास्तव" इतके म्हणोन दाराकडे सरकू लागला. मानूकाने मान वर केली नाही, परंतु त्याचे पोट हसण्याने हलत होते.

प्रधानाची रवानगी बर्फाचे डोंगरावरील ठाण्यावर जाहली. राणीसाहेब किल्ल्यास परतल्या, परंतु दरवाजा लाविला नाही. नाणे पडले, तो दोघांची तोंडे सारखीच वांग्यासारखी. "यात मी कोणती?" राणीसाहेबांनी पुसिले. मानूक बोलिला, "बाईसाहेब म्हणतील ती." राणीचे सरदार म्हणाले, डावी उंच ती आमची बाई, राजाकडील म्हणाले, डावा उंच तो आमचा धनी, आणि सर्वांनी संतोषोन तरवारी म्यान केल्या.

एवंच, वाईट कोरीव कामाने एक राज्य तगले. जैसे ऐकिले तैसे लिहिले. चूक दिसल्यास ती कोरणाराची, लिहिणाराची नव्हे.