एकत्र शिकण्याची टक्केवारी

जे मोजता येत नाही ते असून नसल्यासारखंच, हे आता सर्वमान्य झालं आहे. थर्मामीटर आल्यापासून लोकांना ताप येऊ लागला. त्याआधी नुसतं बरं वाटत नसे. मी कपडे शिवते, त्यामुळे मापाबद्दल मला मुळातच आदर आहे. (कंबरेच्या मापावरून माणूस जेवलाय की नाही हे कळत नाही, पण ते मला कुणी विचारतही नाही.)

म्हणून आमच्या रस्त्यावरच्या नर्सिंग कॉलेजने 'विद्यार्थी मोबाइलवर एकमेकांकडून किती शिकतात' हे मोजायचं ठरवलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. माझी भाची तिथे शिकते आणि राहते माझ्याकडे. एकत्र शिकणं हा प्रकार आजवर फार मोघम होता. चार डोकी जमायची, एकाला कळलेलं दुसऱ्याला कळायचं आणि त्याची कुठे नोंदच नाही. म्हणजे शिक्षण चालू होतं, पण विनापरवाना.

या कामी एका सरांची नेमणूक झाली. (ते आधी ग्रंथालय सांभाळत. तिथे कुणी फिरकत नसल्यामुळे त्यांना मोजण्याचा अनुभव नव्हता, वेळ मात्र होता.) पद्धत सोपी. वर्गाचा एक ग्रुप, त्यावरचा प्रत्येक मेसेज संगणक मोजणार. प्रश्नाला दोन गुण, उत्तराला तीन. दुसऱ्याच्या मेसेजला अंगठा दाखवला की अर्धा, कारण अंगठा म्हणजे आकलन. हसरा चेहरा म्हणजे सखोल आकलन. सकाळी फुलाचं चित्र टाकणं 'पोषक शैक्षणिक वातावरण' या सदरात. बोलून पाठवलेल्याला गुण नाहीत, कारण संगणकाला कान दिलेले नाहीत. चाळीसच्या खाली राहिलेल्याला प्रात्यक्षिक परीक्षा बंद. वर्ष पुन्हा करायचं.

पहिल्या महिन्यात 'गुलाब' पहिला आला. (नाव वर्गाने ठेवलेलं. रोज तेच फूल.) अभ्यासाचा एकही शब्द न लिहिल्यामुळे त्याची एकही चूक निघाली नाही. माझ्या भाचीला तीन गुण पडले. शेरा: 'एकलकोंडी. सहाध्यायांशी शैक्षणिक संबंध आढळत नाहीत.'

शेरा आला त्या संध्याकाळी त्यांच्यातले नऊ जण माझ्या कापड बेतायच्या टेबलाभोवती बसले होते. रोजच बसत. भाची एकेकाचं मनगट धरून नाडी कुठे लागते ते दाखवत होती. अंगठ्याने बघायची नाही, म्हणत होती, स्वतःचीच लागते. आणि किती दाबायचं ते सांगता येत नाही, दाबूनच बघावं लागतं.

मी सरांकडे गेले. म्हटलं, पोरं माझ्या घरी बसून शिकतात, मी डोळ्यांनी बघते. सर भला माणूस. आधी खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण घरात चांगली रेंज असताना ही मुलं तोंडाने का बोलतात, हे मी वर काय सांगू?"

मला पटलं. वर्ष गेलं तर भाचीला दुकानाच्या गल्ल्यावर बसवणार, असं तिच्या बापाने सांगूनच ठेवलं होतं, त्यामुळे जरा लवकरच पटलं.

रात्री जेवताना तिने विचारलं, "मावशी, शिकवू की पास होऊ?"

"आधी पास हो बाई. शिकवायला जन्म पडलाय."

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासाला शिस्त आली. तेच टेबल, तीच पोरं, गुडघ्याला गुडघा. पण सगळी गप्प. माझं मशीन इतका आवाज करतं हे मला तेव्हा कळलं. भाची लिहायची, 'नाडी कुठे बघतात?' जिचं कोपर हिच्या कोपराला लागत होतं ती लिहायची, 'मनगटावर.' मग अंगठे. मग हसरे चेहरे. भाचीने आधी एका हाताने शेजारणीचं मनगट धरून दुसऱ्या हाताने लिहून पाहिलं. वेग निम्मा होतो म्हटल्यावर मनगट सोडलं. एकदा एकीने लिहिलं, 'मला अजून सापडत नाही.' तिला नऊ अंगठे मिळाले.

महिनाअखेर वर्ग शहाण्णव टक्के एकत्र शिकला. भाची पहिली. नवा शेरा: 'उत्तम मार्गदर्शक.' प्रात्यक्षिक परीक्षाही सुरळीत पार पडली, कारण ग्रुपचेच गुण तिकडे धरायचं ठरलं. एकच हुशारी दोनदा मोजणं म्हणजे उधळपट्टी.

निकालाच्या दिवशी भाची माझं मनगट धरून बराच वेळ बसून राहिली.

"तुझी लागत नाहीये गं, मावशी."

"असेल तिथेच कुठेतरी," मी म्हटलं.

आता हा अख्खा वर्ग मोठ्या दवाखान्यात कामाला लागला आहे. शहाण्णव टक्के, तेव्हा काळजीचं काही कारण नाही. कधी तुम्हालाच उचलून तिथे न्यावं लागलं, तर उशाशी उभ्या असलेल्या मुलीपुढे हात करून तिची पंचाईत करू नका. शुद्धीवर असाल तर नाडी चालू असल्याचं लिहून पाठवा. नसाल तर घरच्या कुणाला तरी फूल पाठवायला सांगा.