बगळ्यासकट तलाव

कूलरची जाळी काढून रंभाबाई गोतमारे यांनी टाकीत डोकावून पाहिलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. एक झुरळ होतं, आणि तेही तहानेनं गेल्यासारखं उताणं पडलं होतं.

"पिण्यापुरतं पाणी शेजारच्या बोअरवरून आणून राहिली मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पण ह्या कूलरले रोज दोन पिंप लागते. नवतपा लागायच्या आत नळाले पाणी आलं नाही, तर मी चालली चिखलदऱ्याले, बहिणीकडं. पाऊस पडला का येईन."

"आन् मी?"

"तुम्ही बसा घामाच्या धारा मोजत."

मारोतरावांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात चाळीस वर्षं त्यांनी पातेली विकली होती. पण त्या पातेल्यात काय काय टाकलं की चहा होतो, ही माहिती त्यांनी कधी गोळा केली नव्हती. आणि नवतपा, म्हणजे जेव्हा नागपूरच्या रस्त्यांचं डांबरही सावली शोधतं ते नऊ दिवस, तीन आठवड्यांवर आला होता.

नळाला पाणी नव्हतं, कारण ते घराबाहेर होतं. बेसा भागात गोतमाऱ्यांच्या फाटकासमोर मोठा पाइप फुटला होता आणि सगळं पाणी समोरच्या खोलगट प्लॉटात जाऊन आरामात पसरलं होतं. हा प्लॉट वीस वर्षांपासून बगिच्यासाठी राखीव होता. बगिचा तेवढा यायचा राहिला होता.

मारोतराव आधी पालिकेत गेले. तिथल्या कनिष्ठ अभियंत्याचं नाव रविंद्र. त्याच्या मागं भला मोठा कूलर घरघरत होता.

"काकाजी, पाणी आमच्याकडं राहिलंच कुठी?" रविंद्र म्हणाला. "कंपनीले देऊन टाकलं. तीस वर्षांचा करार आहे."

"मंग त्या भोकाचं काय करता?"

"भोक पाइपातच आहे ना? ते पाइपासंगच गेलं."

मारोतराव कंपनीत गेले. काचेचं ऑफिस, गारेगार हवा, आणि टेबलामागं टाय लावलेला अंकित. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. बाटलीतलं पाणी दुसऱ्याच कंपनीचं होतं.

"सर, पाणी पाइपात आहे तोवर आमचं," अंकित गोड आवाजात म्हणाला. "बाहेर आलं की ते रोडवर आलं. रोड पालिकेचा."

"अन् भोक कोणाचं?"

"भोक म्हणजे काय सर? जिथं पाइप नाहीये ती जागा. जिथं आमचा पाइपच नाही, तिथं आम्ही दुरुस्ती कशाची करणार?"

लोकांचं पाणी सरकारच्या हाती असावं की कंपनीच्या, यावर विद्वान मंडळी मोठमोठ्या सभागृहांत वाद घालतात. त्यांनी एकदा बेसा भागात यायला हवं होतं. पाणी दोघांच्याही हाती नव्हतं. ते प्लॉटात होतं आणि त्यात दोन म्हशी बसल्या होत्या.

अर्ज केले. 'पाइप फुटला आहे' असे सात अर्ज गेले, आणि सातही परत आले. पालिकेनं ते कंपनीकडं पाठवले, कंपनीनं पालिकेकडं, आणि प्रवासात कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला. तेव्हा मारोतरावांमधला दुकानदार जागा झाला. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या डेगचीला 'ह्यात राजाच्या घरची खीर शिजे' म्हणून विकणारा माणूस तो. एवढ्याशा भोकाकडं कोण पाहील? माल मोठा करून दाखवायला हवा. त्यांनी आठवा अर्ज लिहिला: 'माझ्या घरासमोर विस्तीर्ण तलाव निर्माण झाला असून त्यावर बगळ्यांचे थवे उतरत आहेत.'

रंभाबाईंनी चष्मा लावून तो वाचला.

"बगळे कुठी दिसले जी तुम्हाले?"

"एक दिसला ना सकाळी."

"तो शेजारच्या इंदूबाईचा पांढरा कोंबडा होता."

"लांबून बगळाच दिसे."

आणि काय आश्चर्य, तिसऱ्याच दिवशी पालिकेची गाडी दारात! मारोतरावांनी मिशीला पीळ दिला. गाडीतून कामिनीबाई उतरल्या. त्या पाणी खात्याच्या नव्हत्या; तलाव कक्षाच्या प्रमुख होत्या. अर्जात 'तलाव' शब्द दिसल्याबरोबर कारकुनानं तो त्यांच्याकडं पाठवला होता.

"अभिनंदन!" कामिनीबाईंनी मारोतरावांचा हात हातात घेतला. "दहा वर्षांत आमच्या यादीतले तीन तलाव नाहीसे झाले. सापडलेला हा पहिलाच."

"बाई, हा तलाव नव्हे. पाइप फुटला आहे."

"अहो, तुम्हीच तर लिहून दिलंय. बगळ्यासकट!"

मग टेप निघाली, मोजमाप झालं, म्हशींना अतिक्रमण म्हणून उठवण्यात आलं. संध्याकाळपर्यंत तलावाला क्रमांक मिळाला, आणि त्याच संध्याकाळी मारोतरावांच्या फाटकाला नोटीस चिकटली. तलावापासून पंचवीस फुटांत बांधकाम करायला मनाई होती आणि फाटक अकरा फुटांवर होतं.

"हे फाटक बत्तीस वर्षांचं आहे!" मारोतराव ओरडले. "तलाव झाला आत्ता, पंधरा दिवसांपूर्वी!"

"वयाचा प्रश्न नाही," कामिनीबाई म्हणाल्या. "तलाव नैसर्गिक आहे. तुमचं फाटक नैसर्गिक नाही."

पुढच्याच आठवड्यात पालिकेच्या ध्यानात आलं, की आपल्याला तलाव सांभाळता येत नाही. हे तिनं मोठ्या मनानं मान्य केलं आणि तलाव कंपनीला दत्तक दिला. जी कंपनी एक भोक बुजवायला येत नव्हती, तिनं दोन दिवसांत जेसीबी आणून तलाव चार फूट खोल केला. काठाला फरशी आली, बाक आले, फोटो काढायला एक भलंमोठं पत्र्याचं फुलपाखरू आलं. भोवती कुंपण पडलं. कुंपणाच्या दाराशी प्रीतमभाऊ नावाचा शिट्टीवाला पहारेकरी बसला, आणि आत जायला तिकीट लागलं.

गोतमाऱ्यांचं फाटक कुंपणाच्या आत गेलं होतं. त्यामुळं भाजी घेऊन आलेल्या मारोतरावांना प्रीतमभाऊंनी अडवलं.

"तिकीट?"

"अरे, मी घरी चाललो गा! ते पाय, समोर माझं घर!"

"समद्यायले समोरचंच पाह्यचं राह्यते काकाजी. महिन्याचा पास काढून घ्या, सस्ता पडते."

पास काढावा लागला. रंभाबाईंना ज्येष्ठ नागरिकांची सवलत मिळाली. पण त्यासाठी जन्मतारीख दाराजवळच्या सवलतवाल्यांच्या फलकावर लागली आणि तीस वर्षं बायकांच्या मंडळात जपलेलं त्यांचं वय एका दिवसात कॉलनीभर झालं. त्या संध्याकाळी त्यांनी पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि तिच्यावरची धूळ नवऱ्याच्या दिशेनं झटकली.

नवतप्याला पाच दिवस उरले होते. मारोतरावांनी दादाजी प्लंबरला फोन केला.

"या, पण भर दुपारी दोन वाजता या," ते कुजबुजले. नागपुरात मे महिन्यात दुपारी दोनला चोरसुद्धा घराबाहेर पडत नाहीत. प्रीतमभाऊ पत्र्याच्या फुलपाखराच्या सावलीत तोंडावर दुपट्टा टाकून झोपले होते. दादाजींनी सायकलची ट्यूब पाइपाला गुंडाळली, वरून लोखंडी पट्टी आवळली आणि हात झटकले. वीस मिनिटं लागली.

"एवढंच काम होतं?" मारोतरावांनी विचारलं.

"काम एवढंच राह्यते जी," दादाजी म्हणाले. "ते कोणाचं आहे, हे ठरवायलेच टाइम लागते."

घरात नळ खोकला, शिंकला आणि धो धो वाहू लागला. कूलर भरला. रंभाबाईंनी बॅग परत पलंगाखाली सरकवली आणि कूलरसमोर चार तास झोपल्या. मारोतरावांना आपण एखादं राज्य जिंकल्यासारखं वाटलं.

हे राज्य तीन दिवस टिकलं. तेवढ्यात उन्हानं वरून आणि जमिनीनं खालून तलाव पिऊन टाकला. चौथ्या दिवशी सकाळी फिरायला आलेल्या तिकीटधारकांना फरशी, बाक, फुलपाखरू आणि मधोमध एक सुंदर खड्डा दिसला. मग काय? कंपनी म्हणाली, पालिकेनं आम्हाला गळका तलाव दिला. पालिका म्हणाली, कंपनीनं पाणी विकून खाल्लं. महिनाभर भोक एकमेकांकडं ढकलणारे आता आख्खा तलाव ढकलू लागले.

रविंद्र, अंकित आणि कामिनीबाई खड्ड्याच्या काठावर पाहणीला आले. मारोतरावांना बोलावण्यात आलं. सरळमार्गी माणूस, त्यांनी खरं सांगून टाकलं.

"तलाव नव्हताच साहेब. पाइप फुटला होता. मी जोडून घेतला."

"पाइप फुटल्याची नोंद कुठंय?" रविंद्रनं फाइल चाळली. "इथं तर एकच अर्ज आहे. तलावाचा."

"म्हणजे सर," अंकितचे डोळे चमकले, "तलावाचा जलस्रोत तुम्ही बंद केला?"

"नैसर्गिक जलस्रोत," कामिनीबाईंनी दुरुस्ती केली.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. करार झाल्यापासून पालिका आणि कंपनी यांचं कोणत्याही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. ते तिथं, त्या खड्ड्याच्या काठावर झालं. एकाच कागदावर दोघांच्या सह्या पडल्या. आदेश असा: तलाव पूर्ववत होईपर्यंत अर्जदारानं रोज सकाळी आपल्या नळाचं पाणी तलावात सोडावं, आणि पहारेकऱ्यानं पाण्याच्या पातळीची रोज नोंद करावी.

नवतपा लागून तीन दिवस झाले होते. सकाळी आठलाच वारा तव्यावरून आल्यासारखा येत होता. मारोतराव बनियनवर, खांद्यावर पंचा टाकून, काठावरून खड्ड्यात नळाचा पाइप धरून उभे होते. चार दिवसांत बरंच पाणी साचलं होतं. घरातला कूलर मात्र पुन्हा कोरडा होता. रंभाबाई बॅग घेऊन फाटकाबाहेर आल्या.

"साडेनवाची बस आहे," त्या म्हणाल्या. "गॅसच्या डाव्या अंगाले साखर. उजव्या अंगाले मीठ. चव घेऊन पाहत जा."

मारोतरावांनी बायकोकडं पाहिलं, बॅगेकडं पाहिलं, आणि हातातल्या पाइपाकडं पाहिलं. मग पाइप तसाच सोडून ते तलावात उतरले आणि फतकल मारून बसले.

शिट्टी वाजली. "ओ काकाजी! पाण्यात उतरायले मनाई आहे!"

"उतरलो कुठी? लेव्हल मोजून राहिलो!" मारोतराव पाण्यातून ओरडले. "आदेश वाच. रोज लेव्हल लिहायची आहे का नाही? मोजाची पट्टी देली काय तुले कोणी?"

प्रीतमभाऊंनी आदेश काढून वाचला. पट्टी पालिकेनं द्यायची की कंपनीनं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

रंभाबाई काठावर थांबल्या होत्या.

"थंड आहे काय जी?"

"माठासारखं! या ना."

त्यांनी साडेनवाच्या बसचा क्षणभर विचार केला, बॅग बाकावर ठेवली आणि फरशीवर बसून, जरा लाजत, दोन्ही पाय पाण्यात सोडले.

प्रीतमभाऊंनी नोंदवही उघडली, कानावरचं पेन काढून झटकलं आणि दोघांकडं नीट निरखून लिहिलं: 'आजची पातळी: गोतमारे यांच्या गळ्यापर्यंत. सौ. गोतमारे यांच्या पोटऱ्यांपर्यंत.' मग इकडंतिकडं पाहून त्यांनी हळूच बूट काढले.