घरपोच सुप्रभात

सुप्रभातचे मेसेज तुम्हालाही येत असतील. गुलाबाचं फूल, त्यावर दवाचे थेंब, खाली सुविचार. तुम्ही ते न वाचताच पुसून टाकत असाल; मीही टाकायचो. पण पाठवणारा माणूसच फूल घेऊन दारात उभा राहिला, तर त्याला कसं पुसणार?

हिंदी मुलखातल्या आमच्या गुढियारी वस्तीतल्या वैरागडेकाकांनी माझ्यावर ही वेळ आणली.

काका रेल्वेच्या मालधक्क्यावर क्लार्क होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण डोक्यातला मालधक्का अजून चालूच. निरोप असो, भाजी असो, लग्नाचा आहेर असो, त्यांच्या लेखी तो माल. "माल पोचला?" हा नेहमीचा प्रश्न, आणि "मंग पावती द्या" ही नेहमीची मागणी. पावती म्हणजे आपण तोंडानं "पोचला" म्हणायचं. काकू गेल्या, मुलगा पुण्यात, त्यामुळे काका दिवसभर मोबाइलवर. आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या ग्रुपवर त्यांचा माल अखंड उतरत असायचा.

माझी भाची शिल्पा इथल्याच विद्यापीठात मानसशास्त्रात पीएचडी करते. सोशल मीडिया सोडला तर माणसाचं मन ताळ्यावर येतं का, हा तिचा विषय. काही ज्येष्ठांनी महिनाभर ग्रुप, स्टेटस, फॉरवर्ड सगळं बंद ठेवायचं, आणि ती आठवड्याला येऊन विचारणार: झोप कशी लागते, एकटं वाटतं का. मी लगेच काकांचं नाव सुचवलं. विज्ञानाची सेवा वगैरे काही नाही, मला माझ्या फोनला शांतता हवी होती.

शिल्पाला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. "काका, एक महीना मोबाइल पर न कुछ भेजना, न कुछ देखना. बस, फोन आए तो उठा लेना."

"हव," काका म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

दुसऱ्या दिवशी मी दाढी करत असताना बेल वाजली. सकाळी मला नोकरीवर जायला मंत्रालयाची बस गाठायची असते. आमच्या राज्याची नवी राजधानी शहरापासून इतक्या लांब नेऊन ठेवली आहे की माझी सकाळ त्या बसच्याच मालकीची. तोंडाला फेस तसाच ठेवून दार उघडलं. समोर काका, हातात जास्वंद. त्यांनी खणखणीत आवाजात सुविचार म्हणून दाखवला आणि विचारलं, "माल पोचला?"

"काका, हे काय?"

"लाइन बंद आहे ना रे. लाइन बंद असली तं माल रोडानं पाठवा लागते. काहून, समजलं नाही?"

मला चांगलंच समजलं. पुढचा महिना साऱ्या पाऱ्याला समजला. पूर्वी कारल्याच्या रसाचे गुण सांगणारा मेसेज यायचा. आता स्टीलच्या ग्लासात रस यायचा, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत काका हलायचे नाहीत. स्टेटस म्हणून त्यांनी फाटकावर पाटी टांगली. 'आज पोहे फसले' असं त्यावर लिहायचे आणि कोणकोण वाचतं ते खिडकीच्या पडद्याआडून बघत बसायचे. न वाचता पुढे गेलेल्याला हाक मारून परत बोलवायचे.

शेजारच्या गल्लीतल्या साहूजींशी त्यांचं ग्रुपवर राजकारणावरून कायम वाजायचं. तेही भांडण रोडानं न्यायचं ठरलं. काका तावातावानं गेले आणि तासाभरानं तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा खाऊन, वर डबा भरून घेऊन परत आले.

"भांडण काय झालं?" मी विचारलं.

"सुरू करनार होतो. पन तोंडात घास होता ना बाप्पा."

त्यातच बीरगावच्या नंदू ढोकेची आई गेली. नंदू पूर्वी आमच्याच पाऱ्यातला, पुढे कारखान्याजवळ राहायला गेला. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही बसमधून माझे हात पाठवून दिले. संध्याकाळी काका स्कूटर घेऊन हजर.

"तू हात जोडून पाठवले म्हने?"

"हो."

"मंग तेच हात घे अन् बस मांगं."

आमच्या एवढ्या मोठ्या ग्रुपमधले तिथं आम्ही दोघंच. काकांनी सुविचार सांगितला नाही, माल म्हटलं नाही. नंदूशेजारी सतरंजीवर बसले आणि विचारलं, "शेवटी काय खाल्लं होतं रे तिनं?" नंदू सांगायला लागला आणि सांगता सांगता रडला. काका त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून राहिले. त्या दिवसापासून मी त्यांच्या बेलला वैतागणं सोडलं.

शिल्पा मात्र हवालदिल झाली. "मामा, इन्होंने मेरा पूरा डेटा बिगाड़ दिया. सोशल मीडिया छोड़ा कहाँ है? पैदल चला रहे हैं!" एकटं वाटतं का, या प्रश्नाला काका उत्तर द्यायचे, "वेळ कुठं आहे, पोट्टे?"

महिना संपत आला तसे काका चुळबुळ करू लागले. "कधी संपते गं हे?" असं तिला दोनदा विचारलं. आम्हाला वाटलं, मोबाइलची तलफ आली. शेवटच्या दिवशी माझ्याच घरी शिल्पानं सांगितलं, "बस काका, छूट गए आप! आज से सब चालू." काकांनी मोबाइलला हातही लावला नाही.

"अजून महिनाभर नाही का वाढवता येत?"

"क्यों, काका?"

"तुही काकू होती तवा मी घरोघरी जात होतो. हळदीकुंकवाले तिले सोडाले जा, आनाले जा. कोनी म्हने बसा, चहा घ्या. ती गेली अन् माह्यं जानंच बंद झालं. एकटा बुढ्ढा बिनाकामाचा कोनाच्या दारात उभा राहीन? तुह्या अभ्यासानं मले काम दिलं."

शिल्पाचे डोळे भरले, पण पोरगी खोटं बोलली नाही. अभ्यास वाढवता येत नव्हता. "हव. नियम म्हणजे नियम," म्हणून काका उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली नाही. फोन वाजला. गुलाब, दवाचे थेंब, सुविचार. ते फूल बघून मला इतकं वाईट वाटलं की दाढी अर्धवट टाकून मी निघालो. बस गेली तर गेली.

काका व्हरांड्यात बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, भांग पाडलेला. जायला कुठंच नाही. मला बघून दचकून उठले.

"काय काम काढलं रे?"

"काही नाही, काका."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच काम नाही. असाच आलो."

त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरचे पेपर उचलले, गमछ्यानं खुर्ची पुसली, मग पुन्हा पुसली. मी बसलो. काका फाटकाकडे बघत बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच विचारलं,

"असंच येता येते का रे?"