गुलाबी आणि बांधावरचा राक्षस

गोष्ट वाचून लेकराला झोपवणं म्हणजे काय मोठं काम आहे! मी कृषी सहायक. झरीच्या शेतकऱ्यांना कापसाचं मार्गदर्शन करायला लागलो की दहाव्या मिनिटाला निम्मी बैठक पेंगते. तिथं आमची साडेतीन वर्षांची ईश्वरी किती टिकणार? हे मी ऋतुजाला ऐकवलं. बायकोच ती. शांतपणे म्हणाली, "मग आजपासून तुमीच झोपवा."

चित्रांचं पुस्तक नेमकं ईश्वरीच्या आजोळी राहिलं होतं. माझ्या पिशवीत खात्याचं माहितीपत्रक होतं, त्यावर गुलाबी बोंडअळीचा मोठा रंगीत फोटो. म्हटलं, अळी तर अळी.

"हिचं नाव काय?"

"गुलाबी."

"कुठं राहते?"

"कापसाच्या बोंडात. सरकी खाते आणि गुडूप झोपते."

"तिला कोण त्रास देतं?"

माहितीपत्रकात त्रास देणारी तीच होती. पण ईश्वरीला राक्षस हवाच होता, आणि त्याच दिवशी साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. मी राक्षस तयार केला. खिशाला दोन पेनं, हातात मोबाईल. बांधावर उभा राहतो, बूट चिखलात घालत नाही, फोटो काढतो, "फवारा, फवारा" ओरडतो आणि निघून जातो! ईश्वरी बेहद्द खुश. पंधरा दिवस रोज तीच गोष्ट. रोज आधी झोप मलाच लागायची, हे ऋतुजाने साऱ्या नातेवाइकांना कळवलं ते सोडा.

परवाच्या बुधवारी ऋतुजाला शाळेत परीक्षेची ड्युटी लागली, म्हणून ईश्वरीला मी बैठकीला घेऊन गेलो. माणिकरावांच्या कापसाच्या बांधावर वीस-पंचवीस शेतकरी जमले होते. मी सवयीने आधी फोटो काढून घेतला. तेवढ्यात न सांगता साहेबांची गाडी येऊन थांबली. या गावात ते पहिल्यांदाच येत होते.

मी हात लांब करून कडेचं एक हिरवं बोंड तोडलं आणि फोडलं. आत अळी. "हा आपला शत्रू. हिला..."

"पप्पा, गुलाबीला मारू नका!" ईश्वरीने भोकाड पसरलं आणि बोंड हिसकावून फ्रॉकमध्ये लपवलं.

"गुलाबी कोण गं माय?" माणिकरावांनी तिला कडेवर घेत विचारलं.

तिने डोळे पुसले आणि गोष्ट सुरू केली. एकही माणूस पेंगला नाही. गोष्ट राक्षसाकडे निघाली तसं माझं लक्ष साहेबांकडे गेलं. साहेबांच्या खिशाला दोन पेनं होती.

"ईश्वरी, बिस्किट खातेस का?"

"थांबा हो, सांगू द्या तिला," साहेब म्हणाले.

तिने सांगितलं. पेनं, मोबाईल, बांध, बूट, फोटो, सगळं. "फवारा, फवारा" तर अगदी माझ्या आवाजात. मला बदलीची ऑर्डर दिसायला लागली, तीही पार जिल्ह्याबाहेरची.

माणिकराव म्हणाले, "माय, हा राक्षस आमच्या लय वळखीचा हाय. दर बुधवारी येतो."

सगळ्या माना वळल्या. साहेबांकडे एकही नाही. मी खाली पाहिलं. माझ्या खिशाला दोन पेनं, हातात मोबाईल, बूट कोरडे ठणठणीत.

सगळ्यात मोठ्याने हसले ते साहेब.

"तीन हप्ते झालं सांगायलोय सायब, एकदा आत येऊन बघा मनून," माणिकराव मला म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मी बूट काढले, पॅन्ट वर दुमडली आणि घोटाभर चिखलात उतरलो. वीस बोंडं फोडा, दोनांत अळी निघाली तर फवारणी करा, हे दर बुधवारी मीच सांगतो. इथं पहिल्या दहातच सहा निघाल्या. याच कापसाचे तीन फोटो मी 'पीक उत्तम' असं लिहून पाठवले होते. मला फार लाज वाटली.

"श्रीशैल, इकडं बघा जरा." साहेब बांधावर मोबाईल धरून उभे होते.

माणिकरावांच्या कडेवरून ईश्वरी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "अजून एक राक्षस."

सगळी मंडळी एकदम जमिनीकडे बघायला लागली. मीही मान वर केली नाही. अकरावं बोंड फोडलं. त्यातही होती.